वाचकांचे प्रश्न : ठासणीच्या रिव्हॉल्व्हरची दुखणी

मागील अंकात १८५१ च्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात लिहिले होते, की आज नेमबाजीच्या मैदानांवर दिसणारी टोपीची रिव्हॉल्व्हरे बहुतेक जुनी नसतात. ती इटलीत नव्याने तयार झालेल्या प्रतिकृती असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच थोडे हातकाम झाल्याशिवाय मनासारख्या चालत नाहीत. या वाक्यावर अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. बहुतेक पत्रे अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी वाचकांची आहेत, कारण हा छंद तिकडेच रुजलेला आहे. त्यांतली आठ पत्रे निवडून हे संपूर्ण सदर या महिन्यात त्यांनाच दिले आहे.

सुरुवातीला शब्दांचा खुलासा करतो. नळीच्या किंवा कप्प्याच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची, म्हणून ‘ठासणीची’. आणि मागच्या बारीक निपलवर, म्हणजे छिद्र असलेल्या बोंडावर, तांब्याची छोटी टोपी बसवून तिच्यावर घोडा आदळायचा, म्हणून ‘टोपीची’. ‘घोडा’ म्हणजे अंगठ्याने मागे ओढायचा भाग आणि ‘चाप’ म्हणजे बोटाने दाबायचा. ‘सिलिंडर’ म्हणजे दारूगोळीच्या कप्प्यांचा फिरणारा गोल ठोकळा आणि ‘चौकट’ म्हणजे हे सगळे भाग धरून ठेवणारा सांगाडा. सिलिंडर फिरवणाऱ्या पट्टीला मी ‘हात’ म्हणतो, आणि सिलिंडरच्या खाचेत खालून घुसून त्याला जागच्या जागी धरणाऱ्या तुकड्याला ‘अडसर’ म्हणतो, कारण दाराच्या अडसराचेच काम तो करतो. खाली सांगितलेले प्रत्येक काम कप्पे रिकामे आहेत आणि निपलवर एकही टोपी नाही हे डोळ्यांनी पाहून मगच हाती घ्यावे. या रिव्हॉल्व्हरांत फक्त काळी दारू किंवा तिच्यासाठी बनवलेला पर्याय वापरायचा असतो. आधुनिक धूरविरहित दारूची एक चिमूटही यांत गेली तर सिलिंडर हातात फुटू शकतो, आणि त्यावर कोणतीही दुरुस्ती नाही.

प्रश्न (टेक्सास) : माझ्याकडे १८६० च्या कोल्ट आर्मीची प्रतिकृती आहे. नळी धरून ठेवणारी पाचर हातोडीने आत नेली की सिलिंडर घट्ट होऊन फिरत नाही. पाचर सैल ठेवली तर सिलिंडर छान फिरतो, पण दहाबारा बारांनंतर नळी हलू लागते आणि गोळ्या पसरतात. पाचर कानशीने घासून बारीक करावी का?

उत्तर : कानस खाली ठेवावी. तुमच्या पत्रात दोष पाचरीचा वाटतो, पण पाचर बहुधा निर्दोष आहे. आलेल्या पत्रांपैकी जवळजवळ निम्म्या पत्रांत हीच तक्रार वेगवेगळ्या वेशात आली असल्यामुळे या उत्तराला मी जरा जास्त जागा देतो.

कोल्टच्या या घडणीत सिलिंडरच्या वरून जाणारी पट्टी नसते. चौकटीतून एक जाड पोलादी दांडा पुढे आलेला असतो, त्यावर सिलिंडर फिरतो, आणि त्याच दांड्याचे टोक नळीखालच्या ठोकळ्यातील भोकात शिरते. पाचर आडवी जाते तेव्हा तिची मागची कड नळीला मागे रेटते आणि पुढची कड दांड्याला पुढे ओढते. मूळ कोल्टमध्ये दांड्याचे टोक त्या भोकाच्या तळाला जाऊन टेकत असे. म्हणजे नळी दोन ठिकाणी अडत असे, खाली चौकटीच्या तोंडावर आणि वर दांड्याच्या टोकावर. त्यामुळे पाचर कितीही ठोकली तरी नळी ठरल्या जागेच्या मागे जाऊच शकत नसे.

अनेक प्रतिकृतींमध्ये हा दांडा भोकाच्या मानाने आखूड असतो. मग वरचा टेकू नाहीसा होतो, पाचर घट्ट करताच नळी खालच्या टोकावर कलते, तिची मागची बाजू सिलिंडरच्या तोंडावर येऊन बसते आणि नळीचे तोंड किंचित वर उचलले जाते. तुमचा सिलिंडर जाम होतो तो असा. पाचर सैल ठेवली की प्रत्येक बाराला नळी पुढे उडी मारते, पाचरीच्या कडा चेपत जातात, आणि पुढे दांडाच चौकटीत हलू लागण्याची भीती असते. पाचर घासून बारीक केली तर ती एवढ्याच अंतरासाठी आणखी आत जाईल, बाकी काहीही बदलणार नाही.

खात्री करून घेण्याची रीत सोपी आहे आणि तिला मोजमापाचे साधनही लागत नाही. नळी आणि सिलिंडर दोन्ही काढा. आता सिलिंडर न लावता नळी एका बाजूला वळवून, म्हणजे तिचा खालचा ठोकळा चौकटीला न अडता बाजूने जाईल अशी धरून, दांड्यावर शेवटपर्यंत सरकवा. ती थांबली की हळूच फिरवून सरळ करण्याचा प्रयत्न करा. ठोकळ्याची मागची कड चौकटीच्या पुढच्या कडेला नुसती घासून गेली तर दांड्याची लांबी बरोबर आहे. ती कड चौकटीवर चढलेली दिसली, तर जितकी चढली आहे तितका दांडा आखूड आहे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघाला तरी दचकू नका.

उपाय म्हणजे ही उणीव भरून काढणे. प्रथम भोकाच्या तळाशी पातळ वॉशर एकावर एक ठेवून किती जाडी लागते ते पाहावे, आणि मग तेवढ्या जाडीची, किंचित जास्तच, पोलादी चकती लेथवर काढून घ्यावी. ती तळाशी बसवून जास्तीची जाडी थोडी थोडी घासत आणायची. मध्ये मध्ये जोडून पाहायचे. दांड्याचे टोक आणि चौकटीचे तोंड ही दोन्ही ठिकाणे एकाच वेळी टेकली की थांबायचे. काही कारागीर दांड्याच्या टोकाला आटे पाडून त्यात छोटा स्क्रू बसवतात, म्हणजे पुढे झीज झाली तर तो पाव फेरा बाहेर काढता येतो. तेही काम उत्तम होते, फक्त स्क्रू धक्क्याने फिरणार नाही अशा चिकटद्रव्याने पक्का करायला हवा. शेवटी पाचर घट्ट बसवून, सिलिंडर मागे दाबून, नळी आणि सिलिंडर यांच्यातील फट फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, तपासा. ती ०.१० ते ०.१५ मिलिमीटर, म्हणजे चार ते सहा हजारांश इंच, आली पाहिजे. यापेक्षा कमी फट कागदावर चांगली दिसते, पण काळ्या दारूची काजळी साचताच सिलिंडर अडकतो.

आणखी एक गोष्ट, कारण ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पाचरीच्या वरच्या बाजूचा स्क्रू पाचर घट्ट करण्यासाठी नसून ती पूर्ण निघून हरवू नये यासाठी आहे. तो पिळून काहीही साधत नाही, उलट त्याचे डोके मात्र खराब होते.

प्रश्न (ओहायो) : बार उडाल्यावर फुटलेल्या टोपीचे तुकडे घोड्याच्या खाचेतून आत पडतात आणि यंत्र अडकते. मैदानावर दर वेळी रिव्हॉल्व्हर उघडावी लागते. जुन्या काळचे लोक हे कसे चालवून घेत असतील?

उत्तर : त्यांनाही हा त्रास होता. घोडा ओढताना रिव्हॉल्व्हरचे तोंड वर करायचे, म्हणजे फुटकी टोपी मागे यंत्रात न पडता बाहेर गळते, ही सवय त्या काळापासून चालत आलेली आहे आणि ती आजही उपयोगी पडते. तरीही प्रतिकृतींमध्ये हा दोष मूळ रिव्हॉल्व्हरपेक्षा जास्त आढळतो, आणि त्याला एकच कारण नसून तीन कारणे एकत्र येतात.

पहिले कारण निपल. कारखान्यातून आलेल्या निपलचे आगीचे छिद्र कधी कधी प्रमाणाबाहेर मोठे असते. कप्प्यातला दाब त्या छिद्रातून उलटा येतो, घोड्याला मागे ढकलतो, आणि टोपी फुलासारखी उमलून निपलवरून सुटते. चांगल्या निपलमध्ये हे छिद्र ०.७ मिलिमीटरच्या आसपास असते. निपलचा बाहेरचा शंकूही टोपीला जुळला पाहिजे. दहा आणि अकरा क्रमांकाच्या टोप्या बाजारात मिळतात, पण एका कंपनीची दहा क्रमांकाची टोपी दुसरीच्या अकराइतकी सैल असू शकते. म्हणून डबीवरच्या आकड्यापेक्षा हाताला काय जाणवते त्यावर भरवसा ठेवावा. टोपी अंगठ्याच्या हलक्या दाबाने पूर्ण बसली पाहिजे आणि रिव्हॉल्व्हर उलटी केली तरी पडता कामा नये. सैल टोपी दोन्ही बाजूंनी चेपून बसवणे हा तात्पुरता इलाज आहे. खरा इलाज चांगले निपल विकत घेणे हाच आहे, आणि या सदरातील सर्व उपायांमध्ये खर्चाच्या मानाने सर्वाधिक गुण येतो तो याच उपायाने. निपल घेताना आटे तपासून घ्या. निरनिराळ्या कारखान्यांचे आटे वेगळे असतात आणि चुकीचे निपल जोर लावून फिरवले तर सिलिंडरच वाया जातो.

दुसरे कारण घोड्याची स्प्रिंग. तिला जोर कमी असेल तर घोडा उलट्या दाबापुढे सहज मागे उडतो. घोडा ओढायला हलका व्हावा म्हणून स्प्रिंग घासून पातळ करणारे लोक हे संकट स्वतःच ओढवून घेतात.

तिसरे कारण घोड्याच्या तोंडावरील लहानशी खाच. कोल्टच्या सिलिंडरवर दोन निपलांच्या मध्ये बारीक खिळे असतात. भरलेली रिव्हॉल्व्हर जवळ बाळगताना घोडा त्या खिळ्यावर टेकवता यावा म्हणून ही खाच दिलेली आहे. पण टोपीचा मऊ तांब्याचा पत्रा त्या खाचेत दाबला जातो, आणि घोडा मागे जाताना टोपीला चिमटीत धरल्यासारखा घेऊन जातो. खाच कठीण डाकाने भरून तोंड गुळगुळीत केले की हे थांबते. मात्र त्यानंतर त्या खिळ्यांचा आधार राहत नाही, हे पक्के लक्षात ठेवून फक्त पाच कप्पे भरावेत आणि घोडा रिकाम्या सहाव्या कप्प्यावर ठेवावा. खरे तर खाच भरली नसली तरीही मी पाचच भरा असे सांगेन, कारण ते खिळे इतके बारीक असतात आणि इतक्या लवकर झिजतात की त्यांच्यावर कोणाचा पाय किंवा मांडी सोपवणे मला मान्य नाही.

एवढे करूनही त्रास राहिला तर घोडा ज्या फटीत खेळतो त्या फटीत चौकटीला एक बारीक पोलादी खुंटी बसवतात आणि ती जाण्यासाठी घोड्यात चीर पाडतात. टोपी मागे येऊ लागली की खुंटी तिला अडवते. हे काम नेमके जमले तर उत्तम, पण ते घरच्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून करण्याचे नाही. अनुभवी कारागिराकडे द्यावे.

प्रश्न (व्हर्जिनिया) : दोन दुखणी आहेत. सिलिंडरभोवती अडसराने गोल रेघ ओढली आहे. शिवाय मागच्या आठवड्यात घोडा ओढला तरी सिलिंडर फिरेनासा झाला. उघडल्यावर हाताची पातळ स्प्रिंग तुटलेली सापडली.

उत्तर : स्प्रिंगचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. हाताच्या पट्टीत चेपून बसवलेली ती पातळ पाती प्रत्येक वेळी त्याच एका जागी वाकते आणि एक दिवस तिथेच तुटते. नवा हात स्प्रिंगसकट मिळतो, पण तो बसवताना लांबीने थोडा घासावा लागतो. जुना हात चांगला असेल तर केसांना लावायच्या पोलादी चापपिनेचा तुकडा त्या चिरेत बसवून नवी पाती करता येते. हा उपाय ऐकायला घरगुती वाटतो, पण त्या पिनेचे पोलाद खरोखर स्प्रिंगचे असते आणि ती पाती वर्षानुवर्षे टिकलेली मी पाहिली आहे. कायमचा इलाज हवा असेल तर चौकटीत भोक पाडून वळ्यांची स्प्रिंग आणि छोटा दट्ट्या बसवतात. अडसर आणि चाप यांना दाबणारी दुपाती स्प्रिंगही अशीच तुटते, आणि तिच्या जागी तारेची स्प्रिंग तयार मिळते.

रेघेचा प्रश्न वेळेचा आहे. घोडा ओढायला सुरुवात होताच अडसर खाली गेला पाहिजे, सिलिंडर फिरू लागला पाहिजे, आणि पुढची खाच येण्याच्या जरासे आधी, तिच्यापुढे जी उतरती वाट कोरलेली असते त्या वाटेवर, अडसर वर आला पाहिजे. तिथून तो घसरत खाचेत पडतो आणि त्याच क्षणी घोडा पूर्ण मागे जाऊन अडकतो. तुमचा अडसर वाटेपर्यंत थांबत नाही, लवकर वर येतो आणि सिलिंडरची पाठ खरवडत राहतो. अडसराची एक लवचीक बाही घोड्यावरच्या उंचवट्यावर चढलेली असते, आणि ती त्या उंचवट्यावरून कधी सुटते यावर सगळे अवलंबून असते. ती लवकर सुटते आहे म्हणून तिच्या टोकाचा उतार बदलावा लागेल, आणि इथे एकदा धातू जास्त गेला की परत आणता येत नाही. सिलिंडरवर निळी शाई फासून, घोडा अगदी सावकाश ओढून, अडसर नेमका कोठे टेकतो ते आधी पाहा. मग बारीक दगडाने दोनच घासे द्या आणि पुन्हा पाहा. अडसराच्या माथ्यावर कारखान्यातील धारदार कडा राहिली असेल तर ती किंचित मोडा. पुष्कळदा रेघेचा अर्धा भाग एवढ्यानेच थांबतो. घोडा पूर्ण मागे जाण्याआधीच सिलिंडर अडकून बसत असेल तर हात लांब आहे, त्याचे टोक घासावे. उलट घोडा पूर्ण मागे गेला तरी अडसर खाचेत पडला नसेल तर हात आखूड आहे, आणि तो बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

चापाचे टोक आणि घोड्यावरील ज्या खाचेत ते अडकते ती खाच यांना मात्र कोणी दगड लावू नये. चाप हलका करण्याच्या नादात ती कड गोल झाली की घोडा आपोआप सुटू शकतो.

प्रश्न (मिशिगन) : माझी रेमिंग्टन १८५८ तीन फेऱ्या झाल्या की अडखळू लागते. माझ्या मित्राची कोल्ट मात्र दिवसभर चालते. दोष कुठे शोधावा?

उत्तर : हा कारखान्याचा दोष नाही, मूळ आराखड्याचाच भाग आहे. नाव १८५८ चे पडले ते नळीवरील १४ सप्टेंबर १८५८ या पेटंटच्या तारखेमुळे. तुमच्या प्रतिकृतीचा नमुना तयार होऊ लागला तो १८६३ च्या सुमारास. या रिव्हॉल्व्हरची चौकट वरून बंद असल्यामुळे पहिल्या उत्तरातली पाचरीची सगळी कटकट तिला नाही. पण तिचा मधला दांडा बारीक आणि गुळगुळीत असतो, आणि सिलिंडरच्या तोंडाला पुढे आलेली कडीही नसते. त्यामुळे फटीतून फुटणारा धूर थेट दांड्यावर जातो. कोल्टचा दांडा जाड असतो आणि त्याच्यावर वंगण धरून ठेवण्यासाठी वळणदार खाचा कोरलेल्या असतात.

काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन स्वरूपात मागे राहतो. त्या थराला पेट्रोलियमचे ग्रीस लागले की डांबरासारखा चिकट लगदा होतो. म्हणून दांड्याला मधमाशांचे मेण आणि प्राणिज चरबी यांचे मिश्रण भरपूर लावा, आणि दोन फेऱ्यांनंतर सिलिंडर काढून त्याचे तोंड व दांडा ओल्या फडक्याने पुसा. दांड्यावर लेथवर दोन-तीन उथळ खाचा पाडून घेतल्या तर वंगण टिकते. घरी आल्यावर गरम पाण्याने धुणे चुकवू नका. उरलेले क्षार हवेतील ओल शोषून घेतात आणि एका रात्रीत गंज दिसू लागतो. माझ्या आजोळी, कोकणात, ठासणीच्या बंदुकीच्या नळीत उकळते पाणी ओतून ती चुलीजवळ वाळवत असत. मी अजून तेच करतो, फक्त शेवटी तेलाचा हात फिरवतो.

प्रश्न (पुणे) : माझा भाऊ अमेरिकेत अशी रिव्हॉल्व्हर सहज विकत घेतो. ती ‘जुनी’ गणली जाते म्हणे. मग सुट्टीत येताना त्याने ती इकडे आणली तर चालेल का?

उत्तर : नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात टोपीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांना आणि त्यांच्या प्रतिकृतींना सामान्य शस्त्रांतून वगळले आहे, पण तिथेही न्यू जर्सीसारखी काही राज्ये तो अपवाद मानत नाहीत. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून रिव्हॉल्व्हर बाळगणे हा गुन्हा आहे. भावाला ती बॅगेत घालू देऊ नका.

प्रश्न (जॉर्जिया) : पितळी चौकटीची ४४ कॅलिबरची रिव्हॉल्व्हर स्वस्तात मिळाली. वर्षभराने चौकटीच्या मागच्या ढालीवर सिलिंडरच्या दातांचे ठसे उमटले आहेत आणि मधला दांडा किंचित हलतो. हे दुरुस्त होईल का?

उत्तर : तुम्ही जिथे राहता तिथूनच या चौकटीची कथा सुरू होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडे लोखंडाची चणचण होती, म्हणून जॉर्जियातल्या ग्रिसवोल्डव्हिल येथे कोल्टच्या धर्तीवर पितळी चौकटीची रिव्हॉल्व्हरे ओतली गेली. नोव्हेंबर १८६४ मध्ये उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या फौजांनी तो कारखाना जाळला. पण ती रिव्हॉल्व्हरे ३६ कॅलिबरची, म्हणजे लहान गोळीची, होती. ४४ कॅलिबरची पितळी कोल्ट आजच्या बाजारासाठी काढलेली आहे, तिला इतिहासाचा आधार नाही, आणि तिचा धक्का पितळेला झेपत नाही.

दर बाराला सिलिंडर मागे आदळतो आणि पितळ दबते. ठसे खोल गेले की सिलिंडर आणि नळी यांच्यातील फट वाढते, मग सिलिंडरला आदळायला आणखी अंतर मिळते, आणि नुकसानीचा वेग वाढत जातो. दांडा पुन्हा पक्का करता येतो. ढालीत पोलादी कडे बसवणारे कारागीरही आहेत, पण त्यांची मजुरी पोलादी चौकटीच्या नव्या रिव्हॉल्व्हरच्या जवळ जाते. म्हणून माझे प्रामाणिक मत असे की फट ०.३ मिलिमीटरच्या पुढे गेली असेल, किंवा दांडा बोटांनी हलत असेल, तर ती भिंतीवर लावावी. अजून तेवढी गेली नसेल तर दांडा पक्का करून घेऊन १५ ते १८ ग्रेन (दारू मोजण्याचे लहान वजन) दारूवर भागवावे आणि उरलेल्या जागेत रव्यासारखे भरण घालून गोळी दारूवर घट्ट बसवावी. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहू देऊ नये. पितळी चौकटीच्या रिव्हॉल्व्हर नव्या नेमबाजाला पहिली खरेदी म्हणून विकल्या जातात याचे मला वाईट वाटते. थोडे पैसे साठवून पोलादी घेतली तर ती मुलाबाळांपर्यंत टिकते.

प्रश्न (पेनसिल्व्हेनिया) : माझ्या ४४ च्या गोळ्या २५ यार्डांवर निशाणाच्या वीतभर वर लागतात आणि शिवाय पसरतात. दारू कमी-जास्त करून पाहिली, फरक नाही.

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत आणि ते वेगळेच सोडवावे लागतील.

वर लागणे हे कोल्टच्या घराण्यात आहे. मागचे निशाण म्हणजे घोड्याच्या माथ्यावरची चीर आणि पुढचे निशाण अगदी ठेंगणे. पुढे उंच माशी बसवावी आणि ती मैदानावर, दर वेळी पाच गोळ्या मारून, थोडी थोडी घासत योग्य उंचीला आणावी. घोड्यावरची चीर खोल केल्यानेही गोळी खाली येते, पण तिथे वाव थोडा असतो. याआधी पहिल्या उत्तरातली दांड्याची परीक्षा मात्र जरूर करा. नळीच वर कललेली असेल तर निशाण बदलण्यात अर्थ नाही.

पसरण्याचे कारण शोधायला व्हर्नियर कॅलिपर लागेल. गोळी कप्प्यात ठासताना तिच्या कडेने शिशाची बारीक कडी कापली जाते आणि गोळी कप्प्याच्या मापाची होते. कप्पा ०.४४६ इंचांचा आणि नळीतील खाचांचा, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या चरांचा, व्यास ०.४५२ इंच असेल, आणि अशा जोड्या प्रतिकृतींत मी स्वतः मोजल्या आहेत, तर ती गोळी नळीत सैल जाते, खाचांना नीट पकडत नाही, आणि दारू किती घातली याने काही फरक पडत नाही. खाचांचा व्यास काढण्यासाठी नळीला तेल लावून मऊ शिशाची जाडसर गोळी लाकडी काठीने आरपार ढकला आणि ती मोजा. खाचांची संख्या विषम असेल, मूळ कोल्टमध्ये त्या सात होत्या, तर समोरासमोर दोन उंचवटे येत नाहीत आणि साधा कॅलिपर फसवतो. तेव्हा गोळी फिरवत सर्वांत मोठे माप घ्या.

असा फरकच निघाला तर सहाही कप्पे रीमरने, म्हणजे भोक मोठे करायच्या हत्याराने, खाचांच्या व्यासाइतके, फार तर एक हजारांश इंच जास्त, मोठे करून घ्यावेत. हे यंत्रशाळेतच करावे, कारण अडसराच्या खाचांखाली कप्प्याची भिंत आधीच पातळ असते आणि एक कप्पा जरी तिरका गेला तरी सिलिंडर बाद होतो. नंतर गोळीही मोठी घ्यावी लागेल, ०.४५१ ऐवजी ०.४५४ किंवा ०.४५७ इंचांची. ठासताना शिशाची पूर्ण गोल कडी कापली गेली पाहिजे. ती अर्धवट कापली गेली तर गोळी कप्पा बंद करत नाही आणि शेजारच्या कप्प्याची ठिणगी आत शिरण्याला वाट राहते.

प्रश्न (ॲरिझोना) : वॉकर रिव्हॉल्व्हरची गोळी ठासण्याची दांडी बाराच्या धक्क्याने खाली पडते आणि सिलिंडर अडकतो. माझा नग सदोष आहे का?

उत्तर : नाही, तुमचा नग मूळ रिव्हॉल्व्हरशी अगदी इमानी आहे. १८४७ च्या वॉकरचे वजन दोन किलोंच्या वर होते, एका कप्प्यात ६० ग्रेनपर्यंत दारू मावत असे, आणि दांडीला धरून ठेवायला नळीखाली एक साधी पाती होती. ती धक्क्याला सुटते, दांडी खाली येते, तिचा दट्ट्या समोरच्या कप्प्यात शिरतो आणि सिलिंडर थांबतो. कोल्टने लगेच पुढच्या, १८४८ पासूनच्या ड्रॅगून नमुन्यांत दांडीच्या टोकालाच खटका दिला. ड्रॅगूनच्या धर्तीचा खटका वॉकरवर बसवून घेता येतो, पण त्यासाठी नळीखाली खाच पाडावी लागते आणि रिव्हॉल्व्हरचे रूप बदलते. ते नको असेल तर पातीचे आणि दांडीवरच्या खाचेचे झिजलेले कोन चौकोनी करून घ्या, दारू ४० ग्रेनपर्यंत उतरवा, आणि नळी व दांडी यांना मिळून चामड्याची अरुंद वादी बांधा. वादी दर पाच बारांनंतर सोडावी लागते, तेवढी गैरसोय सोसावी.